पुसट हात

फोटो हलला की वाया गेला, अशी आपली सर्वांची समजूत. ओळखपत्रावर तर तो चालतच नाही. पण यंदा संगणकावर चलच्चित्र करायला शिकताना मला नेमका उलटा अनुभव आला.

माझे आजोबा भाईंदरच्या मिठागरात मजुरी करीत. घरात त्यांचा एकच फोटो आहे : मांडीवर हात ठेवून बसलेला. इतके स्वस्थ हात मी प्रत्यक्षात कधी पाहिले नाहीत. म्हणून ठरवले, आजोबा लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढताहेत, एवढेच दहा सेकंदांचे चित्र करायचे.

चित्र झाले. एकेक चौकट स्वच्छ, रेखीव. पण सुरू केले की हात ठेचकाळत पुढे सरकत. आजी म्हणाली, "कळसूत्री बाहुली वाटते रे!"

कारण मोठे गमतीचे आहे. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो आणि दर चित्राला त्याची झडप साधारणपणे १/४८ सेकंद उघडी असते. तेवढ्यात हात जितका सरकेल तितका त्याचा फराटा उमटतो. हाच 'मोशन ब्लर'. तोच डोळ्याला एका चित्रातून पुढच्या चित्रात अलगद नेतो. संगणकाला झडपच नाही. तो एका क्षणाचे गणित मांडतो, आणि एका क्षणात काहीच हलत नसते! दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या नाचवल्या, तेव्हाही काडी सरकवायची, थांबवायची आणि मग चित्र घ्यायचे, अशीच रीत होती. १९८४ मध्ये अमेरिकेत लुकासफिल्ममधील कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी संगणकासाठी तोड सुचवली : किरण एकाच क्षणी न सोडता झडपेच्या काळात विखरून सोडायचे आणि सरासरी घ्यायची. बिलियर्डचे धावते चेंडू त्यांनी असेच दाखवले.

मीही तीच सोय वापरली. संगणक रात्रभर चालला. सकाळी पाहिले तर चेहरा स्पष्ट होता, हात मात्र पुसटले होते. आजीने चित्र चार वेळा पाहिले. मग म्हणाली, "आता बंद कर. दमतील ते."

हा पुसटपणा गणिताने आणलेला, म्हणजे बनावटच, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे. भिंतीवरच्या रेखीव फोटोत आजोबा कसे दिसत ते कळते. त्यांनी जन्मभर काय केले ते त्यात कुठेच नाही. कष्टकऱ्याचे हात स्पष्ट दिसायला ते आधी थांबावे लागतात. माझ्या आजोबांचे थांबले, ते एकदाच.