देवलांचा तेवीस वर्षांचा घोटाळा

१/ साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. या दोन संगमांमधल्या मुलखात मी वाढलो. आमच्याकडे इतिहास म्हणजे गड, गाद्या आणि बेचाळीसचे प्रतिसरकार. हसवणाऱ्या माणसालाही इतिहास असतो, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आजचा धागा हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांवर.

२/ जन्म १३ नोव्हेंबर १८५५. त्याआधी बाराच वर्षे, १८४३ मध्ये, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले होते. देवलांना पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला. किर्लोस्कर मंडळीत ते नट झाले आणि नटांना घडवणारे तालीम मास्तरही.

३/ त्यांनी नाटके लिहिली सात. स्वतंत्र एकच, ‘शारदा’. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘झुंझारराव’ म्हणजे शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’. मग मित्र विचारतात, उसनवारीच्या लेखकाचे एवढे कौतुक कशासाठी? उत्तर ‘फाल्गुनरावा’त सापडते.

४/ मोलिएरने १६६० मध्ये एक संशयी नवरा फ्रेंच रंगभूमीवर आणला. १७६१ मध्ये आर्थर मर्फीने त्याला इंग्रजीत नेले. १८९३ मध्ये देवलांनी त्याला मराठी घरात आणून बसवले: ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’.

५/ रेवतीला भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव पाहतो. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले खरे, आणि त्यावरून बांधलेला तर्क साफ खोटा! सारा विनोद या फटीत आहे.

६/ आता नावे पुन्हा वाचा. फाल्गुन, अश्विन आणि नोकर भादव्या हे महिने. कृत्तिका, रेवती ही नक्षत्रे. परक्या कथेला देवलांनी आपले पंचांग दिले. नुसत्या भाषांतराने हे साधत नाही. त्यासाठी माजघरातले भांडण कानात मुरलेले असावे लागते.

७/ हाच कान ‘शारदे’त (१८९९) धारदार झाला. लग्नाला उतावीळ झालेल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला प्रेक्षक हसले, आणि हसताना जरठकुमारी विवाहाची लाजही त्यांना वाटली. जाता जाता: १९२९ चा ‘सारडा कायदा’ या नाटकावरून ओळखला जातो, ही दंतकथा. ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांचे.

८/ पुढे देवलांनी ‘फाल्गुनरावा’त पदे घातली आणि त्याचे ‘संशयकल्लोळ’ झाले. गद्य नाटकापासून संगीत नाटकापर्यंत तेवीस वर्षे! १४ जून १९१६ रोजी देवल गेले. त्याच वर्षी, त्यांच्या मागे, गंधर्व मंडळीने ते रंगभूमीवर आणले. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव देवलांचेच शिष्य गणपतराव बोडस.

९/ मला हीच गोष्ट अस्वस्थ करते. शोकांतिका लिहिणाऱ्याला हस्तलिखितावरही भरवसा ठेवता येतो. विनोदाचा निकाल मात्र भरलेल्या थिएटरातच लागतो, आणि या नव्या रूपाचा निकाल ऐकायला देवल नव्हते. निकाल त्यांच्या बाजूने लागला. शंभर वर्षे उलटली तरी फाल्गुनराव संशय घेतोच आहे आणि लोक हसतच आहेत.

१०/ ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नाट्यप्रेमी सांगलीला येतात. हरिपूर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. संगमावर जरूर जा.