मनगट मोकळं हवं

मला आपलं वाटायचं, नेमबाजी म्हणजे नेम धरायचा आणि चाप ओढायचा, बाकी सगळा नजरेचा खेळ. गेल्या महिन्यात भाचीबरोबर बालेवाडीला एका स्पर्धेला गेलो आणि रेंजऐवजी रेंजबाहेरच्या एका टेबलापाशीच दीड तास खिळून राहिलो. तेव्हापासून घरात मी दुसरा विषय काढलेला नाही. बायको म्हणते, पिस्तूल भाचीला मिळालं आणि वेड मामाला लागलं. लागलंय खरं!

टेबल होतं ‘इक्विपमेंट कंट्रोल’चं. मला वाटलं, इथे पावती-बिवती फाडत असतील. टेबलावर एक वजनकाटा, एक चपटी पेटी आणि हूक लावलेलं एक वजन. बस्स. पण त्या तीन वस्तूंपुढे ऑलिम्पिकचा पदकविजेता आणि नववीतली पोरगी एकाच रांगेत उभी राहतात, हे कळलं आणि मी चहाला जायचा विसरलो.

पेटी आतून 420 मिलिमीटर लांब, 200 उंच आणि 50 रुंद. दहा मीटरचं एअर पिस्तूल, लावलेल्या सगळ्या जोडण्यांसकट, तिच्यात बसलंच पाहिजे. काट्यावर ते 1500 ग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. आणि मग ते वजन. काय सुंदर प्रकार आहे तो! पिस्तुलाची नळी आभाळाकडे करायची, टेबलावर टेकलेल्या वजनाचा हूक ट्रिगरमध्ये अडकवायचा आणि पिस्तूल सावकाश सरळ वर उचलायचं. वजन टेबल सोडतं, अधांतरी लोंबतं, खोलीतली सगळी माणसं श्वास धरतात. ट्रिगर सुटला नाही तर पास. 500 ग्रॅम. तेवढा भार त्यानं पेललाच पाहिजे. जड चालेल, हलका चालणार नाही.

आता गंमत बघा, सगळ्यांना तो हलकाच हवा असतो. कारण दहा मीटरवरच्या टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. बोटानं जरा जास्त जोर लावला की नळी हलते आणि छर्रा नवात जातो. म्हणून जो तो 500च्या काठाला येऊन बसतो. भाची मात्र दहा-वीस ग्रॅम वर ठेवते. “मामा, स्पर्धा संपल्यावर पण कुणालाही बोलावून परत तपासतात. तेव्हा सुटला ना, तर सगळी मॅचच बाद.” म्हणजे 60 शॉट्स, सव्वा तास, सगळं पाण्यात. मला तर ऐकूनच घाम फुटला.

पण मी खरा गार पडलो तो ग्रिपपाशी. ही मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ज्याचा हात त्याची मूठ. विकत आणलेल्या मुठीत नेमबाज लांबी भरतात, कानस लावतात, पॉलिश पेपर मारतात, पुन्हा भरतात. भाचीच्या मुठीवर तिच्या मधल्या बोटाची खोबण इतकी नेमकी आहे की माझा हात तिथे परक्याच्या चपलेत पाय घातल्यासारखा झाला. एवढी मोकळीक देऊन नियम मग बारीक बारीक ठिकाणी अडवतो. तळहाताच्या कडेखाली जी फळी असते ती मुठीशी काटकोनापेक्षा कमी कोन करणार नाही. तिची कड वर वळलेली नको. अंगठा पूर्ण वेढलेला नको. मूठ हाताच्या पलीकडे जाऊन आधार देणार नाही आणि मनगट डोळ्यांना मोकळं दिसलं पाहिजे. पिस्तुलाच्या हातात घड्याळ नाही, कडं नाही, पट्टा नाही.

आमच्या पुढे एक मुलगा होता. त्याच्या फळीची कड वर आलेली निघाली, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. तपासणाऱ्या बाईंनी नखानं दाखवली. पोरगं रडलं नाही, भांडलं नाही. पायरीवर बसलं, पिशवीतून कानस काढली आणि घासायला लागलं. म्हणजे तो कानस घेऊनच आला होता! मी त्याच क्षणी या खेळाचा झालो.

मग काय, घरी येऊन वाचतच सुटलो. आणि कळलं की यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुणाच्या तरी अफाट डोक्याचा जबाब आहे. 1950च्या दशकात सोव्हिएत नेमबाजांनी चक्क उलटं पिस्तूल आणलं, नळी वर असायची ती खाली. धक्का सरळ हातात जातो, तोंड उसळत नाही, पुढचा नेम लगेच धरता येतो. वा रे बहाद्दर! आज 25 मीटरच्या पिस्तुलाला नियम आहे, की नळीची मध्यरेषा अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे. रॅपिड फायरमध्ये 2004च्या अथेन्सपर्यंत हात वेढून टाकणाऱ्या मुठी आणि छोटी, मवाळ काडतुसं चालायची. पुढच्या वर्षापासून दोन्ही बंद. ट्रिगर किमान 1000 ग्रॅम, पिस्तूल जास्तीत जास्त 1400. राही सरनोबतनं 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं तेव्हा मी टीव्हीपुढे टाळ्या पिटल्या होत्या. पण तिच्या बोटापुढे एका किलोचा भार होता आणि रॅपिडच्या फेरीत हात खालून उचलून नेम धरून गोळी सोडायला फक्त तीन सेकंद, हे मला कुठे ठाऊक होतं! कोल्हापूरच्या त्या मुलीला आता नव्यानं टाळ्या.

आणि एक होतं 50 मीटरचं फ्री पिस्तूल. ट्रिगरच्या वजनाला बंधन नाही, मूठ हातमोज्यासारखी हाताला वेढलेली चालेल. फक्त मनगट तिथेही मोकळंच. 2016च्या रिओनंतर ते ऑलिम्पिकमधून गेलं. मला ते कळून आठ दिवसही झाले नाहीत आणि मी त्याचं सुतक पाळतोय.

तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा पॅरिसमधला फोटो आठवतो? साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात. सगळ्या जगानं म्हटलं, बघा, काही न लावता रौप्य नेलं! मीही तो फोटो चार जणांना पाठवला होता. आता सांगत सुटलोय, अहो, डोळ्याआडची झापडं लावायची की नाही ही ज्याची त्याची मर्जी, पण पिस्तूल त्याचंही तेच, पेटी तीच, 500 ग्रॅमही तेच. त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंगनं ब्राँझ घेतलं. कोरियाची किम ये-जी वेगळ्या मॅचमध्ये यंत्रमानवासारखा चष्मा लावून रौप्य घेऊन गेली. तिचंही मनगट मोकळंच.

परवा भाची गॅलरीत पेपर अंथरून मूठ घासत बसली होती. अक्रोडाचा तपकिरी भुसा माझ्या तुळशीपर्यंत उडालेला. मी शेजारी ठाण मांडलं. पिस्तूल रिकामं असल्याचं तिनं मला दाखवलं, नळीत नारिंगी दोरी घातली, मग म्हणाली, “धर एकदा. एकाच हातानं हं.”

हात लांब केला. किलोभराचं ते धूड दहा सेकंदांत समोरच्या भिंतीवर भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. तरी मी ताठ उभा, दुसरा हात दिकेचसारखा खिशात.

“मामा,” ती म्हणाली, “आधी घड्याळ काढ.”