मोरचुदाचा निळा

अण्णांचा फवारणीचा सदरा घरातल्या दांडीवर कधी आला नाही. तो गोठ्यातल्या खुंटीला असायचा. मूळचा पांढरा, मांजरपाटाचा. पण मला तो पांढरा कधी आठवतच नाही. खांद्यांवर, पाठीवर, बाह्यांच्या टोकांना निळे ओघळ. कुठे पहाटेच्या आभाळासारखे फिके, कुठे शिवणीत साचून गडद झालेले. आई तो वेगळ्या बादलीत धुवायची. कितीही घासला तरी निळा पुरता जात नसे.

निफाड तालुक्यात ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे त्याला हा निळा सांगावा लागत नाही. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे, म्हणजे बोर्डो मिश्रण तयार होतं. अण्णा त्यात लोखंडी विळा बुडवत आणि बाहेर काढून उजेडात धरत. पात्यावर तांबूस थर चढलेला दिसला की म्हणत, "अजून चुना मागतंय." पातं स्वच्छ निघालं की पंप पाठीवर. पावसाळी हवेत केवडा रोग पानावर उतरायच्या आत बाग धुवून काढायची असे. फवारा वाळला की अख्खी बाग निळसर दिसायची, आणि तिच्या मधल्या सरीतून बाहेर येणारे अण्णाही.

हा निळा मला पुन्हा दिसला तो फुटबॉलमुळे.

२०१८ चा जून. भारताचा संघ मुंबईत, अंधेरीला, इंटरकॉन्टिनेन्टल चषक खेळत होता. १ जूनला आपण चायनीज तैपेईला पाच-शून्य हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि ते बघायला मैदानात माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलसमोर उभं राहून लोकांना विनवलं. आम्हाला नावं ठेवा, शिव्या द्या, पण मैदानात या, असं तो सांगत होता. देशाचा कर्णधार हात जोडून प्रेक्षक मागतो आहे, हे मला बघवेना. सोमवारी, ४ जूनला, केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. मी जायचं ठरवलं. आणि ठरवल्याबरोबर वाटलं की जायचं तर निळ्या जर्सीत.

रविवारी नाशिकची दुकानं पालथी घातली. मेनरोड झाला, रविवार कारंजा झाला, कॉलेजरोडही झाला. रशियातला विश्वचषक दहा-अकरा दिवसांवर होता, त्यामुळे प्रत्येक दुकानाच्या दारावर जर्सी लोंबत होत्या. ब्राझीलची पिवळी, आर्जेन्टिनाची पट्ट्यांची, जर्मनीची पांढरी, पोर्तुगालची लाल. लहान पोरांच्या मापातसुद्धा. "भारताची आहे का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "आहे ना, क्रिकेटची." फुटबॉलची म्हटल्यावर एका दुकानदाराने खरोखरच काळजीने विचारलं, "भाऊ, आपली टीम विश्वचषकात कुठे आहे?"

त्याचं चुकलं नव्हतं. पण त्या पिवळ्या आणि पट्ट्यांच्या गर्दीत उभा राहून मला गलबलून आलं, कारण त्यातल्या एकेका कापडाची गोष्ट मला ठाऊक होती. ब्राझीलचा पिवळा काही जन्मापासूनचा नाही. १९५० च्या विश्वचषकात ते पांढऱ्या कपड्यांत खेळत. घरच्या मैदानावर, माराकानामध्ये, उरुग्वेकडून हरले आणि तो पांढरा रंग देशाला नकोसा झाला. १९५३ साली एका वर्तमानपत्राने नव्या गणवेशासाठी स्पर्धा जाहीर केली. अट एकच होती : झेंड्यातले चारही रंग हवेत. जिंकला तो आल्दीर गार्सिया श्ले नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा. उरुग्वेच्या सीमेजवळ राहणारा, आणि मनाने उरुग्वेच्याच बाजूचा! पिवळा सदरा, हिरवी कड, निळी चड्डी, पांढरे मोजे. आज नाशिकमधलं शाळकरी पोरही तो ओळखतं.

त्याहून मला आवडते ती १९५८ ची गोष्ट. अंतिम सामना स्वीडनशी, आणि स्वीडनचा रंगही पिवळाच. ब्राझीलला दुसरा रंग शोधायची वेळ आली आणि जवळ दुसरा गणवेश नव्हता. मग स्टॉकहोममध्ये निळे सदरे विकत आणले, पिवळ्यावरची बोधचिन्हं उसवली आणि निळ्यावर शिवली. खेळाडू रंग बदलल्याने धास्तावले होते. संघप्रमुखाने त्यांना सांगितलं, हा आपल्या आपारेसिदा मातेच्या शालीचा निळा आहे. पाच-दोनने जिंकले. सतरा वर्षांच्या पेलेने त्या बाजारातून आणलेल्या निळ्यात दोन गोल केले.

आर्जेन्टिनाचंही तसंच. १९८६, मेक्सिको, समोर इंग्लंड. दुपारच्या उन्हात जाड कापडाचे निळे सदरे घामाने जड होतील म्हणून प्रशिक्षक बिलार्दोंना हलके हवे होते. माणसं मेक्सिको सिटीच्या बाजारात धाडली. दोन नमुने समोर आले. कोणता घ्यावा यावर घोळ चालू असताना मॅराडोना आला, एकाकडे बोट दाखवून म्हणाला की हाच छान आहे, यातच इंग्लंडला हरवू. बोधचिन्हं घाईने शिवली गेली आणि पाठीवरचे चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले. हाताने मारलेला तो गोल आणि अर्धं मैदान कापत नेऊन केलेला तो दुसरा गोल, दोन्ही याच सदऱ्यात. २०२२ साली लंडनच्या लिलावात तो ७१ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. पण ती चिन्हं शिवणाऱ्या बायकांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत, आणि ती गोष्ट वाचताना मला दर वेळी त्याच आठवतात. सुईत दोरा ओवताना त्या रात्री त्यांना काय ठाऊक असणार?

आपल्याकडे अशी गोष्ट नाही का? आहे. पण ती कापडाच्याही खाली, पावलांत आहे. १९४८ ची लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा सामना, ३१ जुलैला, फ्रान्सशी. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. त्या संघाचं छायाचित्र बघितलं की मी बराच वेळ पायांकडेच बघत राहतो. घोट्याला पट्ट्या गुंडाळलेल्या, बोटं मोकळी. दोन पेनल्टी हुकल्या, सारंगपाणी रमणने एक गोल केला, आणि शेवटी दोन-एकने हरलो. कर्णधार तालिमेरेन आओ नागा टेकड्यांतला, डॉक्टर होत असलेला तरुण. छायाचित्र काळं-पांढरं असल्यामुळे अंगातला सदरा नुसता करडा दिसतो. रंग आपण मनाने भरायचा. मी तिथे अण्णांचा निळा भरतो.

हेलसिंकीत १९५२ साली युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी मेलबर्नला आपण ऑस्ट्रेलियाला चार-दोन हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. बार्देशातल्या आसगावात जन्मलेला, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. आसगाव तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होतं. गोवा मोकळा व्हायला अजून पाच वर्षं होती आणि तिथला हा माणूस भारताचा सदरा घालून गोल करत होता! आज त्याच गोव्यात आणि आपल्याकडेही पोर्तुगालचा लाल सदरा हौसेने घातला जातो. घालावा, रोनाल्डो आहेच तसा. पण नेव्हिलचं नाव त्या पोरांच्या कानावर कुणीतरी घालायला हवं, असं मला फार वाटतं. मेलबर्नला आपण चौथे आलो. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण मिळालं. जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना खेळला आणि गोलही मारून गेला. एवढं सगळं ज्या रंगात घडलं, तो रंग नाशिकच्या एकाही दुकानात मिळू नये?

रविवारी संध्याकाळी शेवटी एक साधा निळा टीशर्ट घेतला आणि ओळखीच्या छपाईवाल्याकडे गेलो. ढोल पथकं, गोविंदा पथकं, शाळांचे संघ, सगळ्यांचं काम तो करतो. त्याचं दुकान म्हणजे एक गाळा, त्यात एक संगणक, एक प्रिंटर, एक हीट प्रेस आणि डॉट निटचे तागे. त्याने टीशर्ट दोन बोटांत चोळला. "हा सुती आहे. याला सब्लिमेशन धरत नाही." मग हातातलं काम दाखवत समजावलं. कागदावर उलटं चित्र छापायचं, पॉलिस्टरवर ठेवून दोनशे अंशांच्या आसपास दाबायचं. शाईची वाफ होते आणि धाग्याच्या आत जाऊन बसते. मग धुतलं काय, घासलं काय, रंग हलत नाही. सुताला ते जमत नाही, त्यावर नुसता आकडा चिकटवता येतो.

पांढऱ्या विनाइलचा अकरा त्याने कापून घेतला. छेत्रीचा आकडा. कडेचा फालतू भाग चिमट्याने सोलला, टीशर्ट प्रेसवर ताणून बसवला, तळहाताने सुरकुती काढली. आकडा मधोमध आला की नाही हे मोजपट्टीने न बघता त्याने एक डोळा मिटून बघितलं. वरचं झाकण खाली आलं, पंधराएक सेकंद गेले, घंटी वाजली. वरची पारदर्शक फिल्म त्याने सावकाश ओढली. गरम कापडाचा आणि रबराचा वास गाळ्यात पसरला. "पाठीवर नाव?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. पैसे द्यायला लागलो तर त्याने निम्मेच घेतले. म्हणाला, "भारताचा पहिलाच छापला. बाकी सगळे मेस्सी न् रोनाल्डो."

सोमवारी सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडली. दादरला उतरून अंधेरी. पावसाळ्याआधीचा पाऊस दुपारपासून दाटून होता. तिकिटं संपली होती, माझं रात्रीच काढून ठेवलं होतं. फाटकाबाहेर निळेच निळे लोक दिसत होते. कुणाचा क्रिकेटचा, कुणाचा ऑफिसचा, एका आजोबांचा तर चक्क निळा रेनकोट. खरी जर्सी घातलेले मोजकेच. पण लांबून बघितलं तर सगळा मिळून एकच रंग दिसत होता.

मग पाऊस कोसळला. मैदानात पाणी साचलं, चेंडू लाथ मारल्यावर दोन हातांवर थांबायला लागला. पूर्वार्धात काहीच झालं नाही. अडुसष्टाव्या मिनिटाला छेत्रीने पेनल्टीवर पहिला गोल केला. लगेच त्याचा साथीदार जेजेचा दुसरा. आणि अगदी संपता संपता पुन्हा छेत्री. चिखल, पाणी आणि घाम एकत्र होऊन त्यांचे सदरे काळपट निळे झाले होते, पाठीला चिकटले होते. सामना संपल्यावर संघ भिजलेल्या गॅलरीपुढे येऊन उभा राहिला, आणि आम्ही कुणी जागचे हललो नाही. माझ्या शेजारी मालाडहून आलेला एक मुलगा होता. त्याच्या सुती टीशर्टचा निळा गळून पॅन्टवर उतरला होता. खांद्यापासून खालपर्यंत ओघळ. मी बघतच राहिलो. सरीतून बाहेर येणारे अण्णा असेच दिसायचे.

त्यानंतर बरंच बदललं. पुढच्या जानेवारीत अमिरातीतल्या आशियाई चषकात संघ सिक्सफाइव्हसिक्स या भारतीय कंपनीच्या जर्सीत उतरला. तोवर कपडे नायकीचे असत. आपण थायलंडला चार-एक हरवलं. २०२३ मध्ये परफॉरमॅक्स आली. आता ऑनलाइन मागवली की भारताची जर्सी घरी येते, मीही घेतली. हलकी आहे, अंगाला लागत नाही, पाण्यातून काढली की झटकन वाळते.

पण त्या रात्रीचा सुती टीशर्ट मी टाकला नाही. मंगळवारी पहाटे एस.टी.ने घरी पोचलो तेव्हा अकरातल्या एका आकड्याचा कोपरा पावसाने सुटला होता. आईने टीशर्ट बघितला, नाकाशी धरला, आणि काही न विचारता मोरीत नेऊन वेगळ्या बादलीत भिजत घातला. संध्याकाळी वाळल्यावर ट्यूबलाइटखाली बसून तिने सुटलेली कड पांढऱ्या दोऱ्याने टाचली. बारीक, जवळजवळचे टाके. अण्णा खुर्चीतून बघत होते. "कितीने जिंकलो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तीन-शून्य." आईने दोरा दाताने तोडला.

आता तो फिका झाला आहे. पाठीवर तर आभाळी म्हणावा इतका. शिवणीत मात्र निळा अजून गडद आहे.