वारं उतरल्यावर

मेढ्याजवळच्या एका जत्रेत ढोल घुमू लागला आणि एका बाईच्या अंगात आलं. केस सुटले, आवाज बदलला, लोक पाया पडले. माझं लक्ष अडकलं ते त्यानंतर. ढोल थांबला, बाई मटकन बसली. जावेनं तिचा पदर खोचला, फुटलेल्या बांगडीची काच पायाजवळून वेचली, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पोरगं कुठंय?"

"हाय की, आत्याबाईंजवळ. तुम्ही पाणी घ्या."

आपण काय बोललो हे तिनं विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

तिला आजार होता असं मला म्हणायचं नाही. चार माणसांत येतं, चार माणसं सांभाळतात. पण ज्यांच्याकडे ढोलाशिवाय, भर दुपारी बँकेच्या रांगेत दुसरंच कुणी येतं, त्यांचं काय?

नागपूरच्या उत्तरा हुद्दार आठवल्या. विद्यापीठात शिकवणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या. १९७४ साली त्या एकाएकी बंगाली बोलू लागल्या. नाव सांगत शारदा. काळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. शारदा असताना त्यांना मराठी कळेना, आईवडील ओळखू येईनात, नेसणं-खाणं बंगाली. कधी दिवसभर, कधी कित्येक आठवडे. मग उत्तरा परत. संशोधक इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी अभ्यास केला, स्टीव्हन्सन यांनी १९८४च्या पुस्तकात तो मांडला. व्ही. व्ही. अकोलकरांनीही वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पुनर्जन्म की दुभंगलेलं मन, यावर शाई पुष्कळ सांडली. मला ओढ आहे ती त्या घरातल्या सकाळची. चहा घेऊन आलेल्या आईला लेक परकी बाई समजते. आईनं तिला कुठल्या नावानं हाक मारायची? आणि आठवड्यांनी उत्तरा भानावर येते तेव्हा बुडालेले तास, न दिलेली उत्तरं, शेजारणींच्या बदललेल्या नजरा, हे सगळं तिच्याच नावावर. शारदा कोण होती हे जगानं विचारलं. उत्तरानं ते दिवस कसे भरून काढले, हे विचारायचं राहिलंच.

एकाच माणसात अनेक ओळखी वावरतात, त्या आजाराच्या मुळाशी बहुतेकदा लहानपणीचे भयंकर अत्याचार असतात. त्यावर नेमकी गोळी नाही. वर्षानुवर्षं विश्वासानं बोलत राहणं हाच मुख्य उपचार. तोवर वही लागते. गॅसचा नंबर लावला, ताईशी भांडण झालं, औषध घेतलं, असं एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं. अक्षर वेगळं, हात तोच. सिनेमानं अशा माणसांच्या हाती सुरी दिली, याचा मला राग आहे. ही माणसं दिवसभर हरवलेला दिवस शोधत असतात.

२०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं 'ताबा घेतल्याचा' अनुभवही या आजाराच्या व्याख्येत घेतला. त्याच वर्षी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि भूत उतरवण्यासाठी माणसाला मारणं महाराष्ट्रात खास कायद्यानं गुन्हा ठरलं. झाडफुंकीत चटके खाल्लेल्या किती बायकांना तो कायदा उशिरा मिळाला!

पुन्हा त्या जत्रेकडे. मेढा जावळीत. इथल्या मोरे घराण्यात गादीवर बसेल तो चंद्रराव. माणसं बदलत, नाव तेच. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हाचा चंद्रराव मूळचा यशवंतराव. आतल्या दालनातून कुणी जुन्या नावानं हाक मारली, तर तो ओ देत असेल का?