दक्षिण जॉर्जियाच्या किनाऱ्यावर

फॉकलंड बेटे सोडल्यावर दोन दिवस पाण्याखेरीज काही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी हिमाच्छादित शिखरे दिसली. उतरण्यापूर्वी आमचे बूट जंतुनाशकात धुऊन घेण्यात आले. २०२३ साली पक्ष्यांचा फ्लू येथे पोहोचला व प्रचंड सागरगज सीलांचा त्याने संहार केला. तेव्हापासून दक्षता अधिकच कडक आहे.

सेंट अँड्र्यूज उपसागराच्या काठी राजपेंग्विनांची जणू जत्राच भरली होती. (सुकी मासळी घरात बाळगणाऱ्या आम्हांलाही तो वास असह्य झाला!) हा पक्षी घरटे बांधीत नाही. एकुलते एक अंडे पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, नर व मादी आळीपाळीने सुमारे ५४ दिवस उबवितात. एकजण समुद्रावर गेला की दुसरा उपाशी उभा राहतो. परतलेल्याने साद घातली की हजारोंच्या कोलाहलात जोडीदार ती नेमकी ओळखतो. एका जोडप्याची अशी भेट आम्ही डोळे भरून पाहिली.

ग्रिटव्हिकेनला चरबी उकळण्याच्या गंजक्या टाक्या अजून उभ्या आहेत. १९०४ ते १९६५ या काळात या बेटावर सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. जवळच नॉर्वेच्या कामगारांचे शुभ्र लाकडी चर्च आहे. १९१३ च्या नाताळात ते उपासनेस खुले झाले. दिवसभर सुरे चालविणारे हात येथे जोडले जात. त्यांना दोष तरी कसा द्यावा? घरापासून हजारो मैलांवर पोटासाठी आलेली ती माणसे. त्या बाकांवर आम्ही बराच वेळ मुकाट्याने बसलो.

२०२० च्या पाहणीत या बेटाभोवती ५५ निळे देवमासे आढळले. बंदर सोडताना आम्हांलाही दूरवर दोन कारंजी उडताना दिसली. कप्तानाने बोट थांबविली.