दोघांना झेपेल अशी बोट

निवृत्ती जवळ आली की आखातातली मराठी मंडळी पुण्यात नाहीतर ठाण्यात फ्लॅट बघू लागतात. आम्ही दोघं मस्कतमध्ये बोट बघतोय! शिडाची, तीसेक फुटांची, किनाऱ्याकिनाऱ्याने फिरता येईल अशी. आमच्यातला एक मालवणचा, एक पुण्याची. तेव्हा वाद आलाच.

पहिला वाद शिडाचा. मालवण पक्षाला धाऊसारखं तिरकं शीड हवं होतं. देखणं खरंच. पण वाऱ्याच्या या अंगाकडून त्या अंगाला वळायचं, तर ते लांबलचक परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं आणि त्याला खलाशी लागतात. अल बुस्तानच्या चौकातली 'सोहार' इथल्या सगळ्यांच्या ओळखीची. सूरला काथ्याने शिवून बांधलेली ही बोट टिम सेव्हरिन यांनी १९८०-८१ साली चीनला नेली, ती ढीगभर हातांच्या जोरावर. जानेवारी २०२६ मध्ये पोरबंदरहून मस्कतला आलेल्या आपल्या नौदलाच्या 'कौंडिण्य'चीही तीच गोष्ट.

मग केच की स्लूप? केचला दोन डोलकाठ्या. शिडं लहान, म्हणून आवरायला हलकी. पण दोर जास्त, खर्च जास्त, आणि तीस फुटांत दुसरी काठी म्हणजे माजघरात उखळ. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली छप्पन फुटी 'तारिणी' एकाच डोलकाठीची आहे. नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघीच ती घेऊन ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. त्या तरुण आणि तयारीच्या. आमचे गुडघे तसे नाहीत. म्हणून ठरलं : एका काठीचा स्लूप, पुढचं शीड मागे बसल्याबसल्या दोर ओढून गुंडाळता येईल असं.

खरं भांडण केबिनवरून झालं. पुणे पक्षाला सहा बिछाने हवे होते. मुलं, नातवंडं येतील ना! येतात वर्षाकाठी दहा दिवस. पुढच्या निमुळत्या भागातला डबलबेड बंदरात छान. लाटांत तिथे माणूस चेंडूसारखा उडतो. मागचा, बसायच्या जागेखालचा, मस्कतच्या उन्हाळ्यात भट्टीच. समुद्रात झोप लागते ती बोटीच्या मध्यावर, अरुंद बाकावर, कडेला कापड बांधून. स्वयंपाकाचा ओटा जिन्याच्या पायथ्याशी हवा, म्हणजे वारा लागतो, हेलकावेही कमी.

आम्ही आयुष्यभर घरं मांडली ती येणाऱ्यांसाठी. इथे प्रथमच असणाऱ्यांसाठी मांडायचं होतं. आणि असणारे दोघंच. त्यातला एक तापाने पडला तर दुसऱ्याला एकट्याने शीड उतरवून बोट बंदरात आणता आली पाहिजे. ही कसोटी मोठ्याने बोलून दाखवायला आम्हाला दोन महिने लागले. ती बोलल्यावर मात्र सगळे नकाशे अर्ध्या तासात निकालात निघाले.

दोन बाक, एक ओटा, हवेला मोठी झडप, वर सावलीला कनात. पाहुण्यांना डेकवर गाद्या. जून ते सप्टेंबर, खरीफचे वारे असताना, सालालाकडे फिरकायचं नाही.

मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही हॉटेलात राहू. पण लाइफजॅकेटं सहा घ्या."