कुरंगांचं गोत

कोपरखैरणे, ६ जानेवारी २०२५
बारावीच्या वर्गात उत्क्रांतीच्या धड्याची उजळणी घेतली. फळ्यावर चार नावं लिहिली: काळवीट, चिंकारा, नीलगाय, चौसिंगा. चारही महाराष्ट्रात आढळणारे कुरंग. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, यांची आयुष्यभर राहतात. यांत कोण कुणाच्या जवळचं, असं विचारल्यावर मुलांनी शिंगं आणि अंगकाठी पाहून जोड्या लावल्या. प्राणिशास्त्रानंही फार काळ शिंगं, दात आणि कवटी यांवरूनच नाती ठरवली. पण शिंग हा भरवशाचा साक्षीदार नव्हे. काळविटाच्या शिंगांना पीळ असतो, आफ्रिकेतल्या कुडूच्याही असतो. तरी दोघांची घराणी वेगळी आहेत. पीळ दोन्हीकडे स्वतंत्रपणे आला. मुलांना म्हटलं, उत्तर शनिवारी शोधतो.

११ जानेवारी
रात्री घरी संगणकावर बसलो. जगभरच्या संशोधकांनी वाचलेले डीएनएचे क्रम जेनबँक या संग्रहात कुणालाही पाहता येतात. सायटोक्रोम बी हे जनुक घेतलं. ते तंतुकणिकेच्या डीएनएत असतं, आईकडूनच पुढच्या पिढीत जातं आणि या प्राण्यांत त्याची लांबी ११४० अक्षरांची असते. आपले चार कुरंग, शिवाय गाय, म्हैस, बकरी. आणि तुलनेसाठी बाहेरचा म्हणून चितळ. सगळ्यांचे क्रम एकाखाली एक मांडले आणि अक्षरं कुठे बदलली ते पाहून वंशवृक्ष काढला.

दोन मोठ्या फांद्या निघाल्या. काळवीट आणि चिंकारा एका फांदीवर, बकरीच्या बाजूला. नीलगाय आणि चौसिंगा दुसऱ्या फांदीवर, गाय-म्हशींसोबत. म्हणजे नीलगायीचं काळविटापेक्षा गोठ्यातल्या गायीशी जवळचं नातं आहे. हा शोध माझा नाही. संशोधकांनी तो केव्हाच सिद्ध केला आहे. पण स्वतः अक्षरं लावून तेच उत्तर हाती आलं, याचा आनंद झोपू देईना. कुरंग हे एक कुळ नाहीच. गाय, म्हैस, शेळ्या, मेंढ्या बाजूला काढल्यावर त्या मोठ्या कुटुंबातले जे उरतात, त्या सगळ्यांना मिळून आपण कुरंग म्हणतो.

१२ जानेवारी
एका जनुकावर विसंबून चालत नाही, ते फक्त आईची बाजू सांगतं. म्हणून आज गुणसूत्रं पाहिली. गायीत ६०, नीलगायीत ४६, चौसिंग्यात ३८. काळविटाच्या मादीत ३० आणि नरात ३१! कारण फार सुंदर आहे. पूर्वी कधीतरी एक्स गुणसूत्राला एक साधं गुणसूत्र येऊन जोडलं गेलं. नरात एकच एक्स असल्यामुळे त्या साध्या गुणसूत्राची दुसरी प्रत सुटी राहते आणि संख्या एकानं वाढते. चिंकारा ज्या गझेल गटात मोडतो, त्यातही हीच जोडणी आहे. अशी घटना दोन घरांत वेगवेगळी घडणं अवघड. ती एकाच पूर्वजाकडून आलेली खूण आहे.

१९ जानेवारी
अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य. १९८० साली काळविटांसाठी राखलेलं, क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. गवतात लेंड्यांचे ढीग दिसले. लेंडीच्या वरच्या थरात प्राण्याच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात आणि त्यांतून डीएनए मिळतो. जनावराला पकडावं लागत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अनन्या जाना आणि प्रवीण कारंथ यांनी आठ राज्यांतून अशा लेंड्या गोळा करून देशभरचे काळवीट तपासले. उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन गट आढळले. पूर्वेचा गट नकाशावर दक्षिणेच्या जवळ आहे, पण त्याचा उगम उत्तरेच्या गटातून झालेला दिसतो. माद्या बहुतेक जन्मभूमीतच राहतात, नर मात्र दूर जातात आणि कळपाकळपांतलं नातं टिकवतात. समोरच्या कळपाकडे पाहताना वाटलं, या एवढ्याशा जागेतला नर जाणार कुठे? बाहेर शेतं, रस्ते, कुंपणं. माळरानं सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणून लागली की त्यांवर आधी बांधकामांचा डोळा जातो.

२६ जानेवारी
परतल्यापासून चौसिंगा मनातून जात नाही. चार शिंगांचा तो जगातला एकमेव रानटी प्राणी. मेळघाटात, ताडोबात झाडीच्या आडोशानं राहणारा, लाजरा. शिवालिकच्या खडकांत त्याच्या गटाच्या कितीतरी प्राण्यांचे जीवाश्म सापडले आहेत. आज त्या जुन्या फांदीवर दोनच पानं उरली आहेत: नीलगाय आणि चौसिंगा. नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही, शेतात इतकी दिसते की शेतकरी तिच्यापुढे हैराण आहेत. चौसिंग्याचं तसं नाही. तो गेला तर एका प्राचीन घराण्यात फक्त नीलगाय उरेल.

म्हणून वन्यजीव वाचवताना डोकी मोजणं पुरेसं नाही. कोण कुठल्या फांदीवर आहे आणि त्या फांदीवर आणखी किती उरलेत, हेही पाहायला हवं. काळविटाला जोडलेली माळरानं हवीत, चौसिंग्याला शांत जंगल. काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तरीही चौसिंगा आज जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.